मायच्या हाताचं घासलेट

आमच्या घरात नाक आबांचं आणि हात मायचा, असं सगळं गाव म्हणायचं. आबा म्हणजे माझे वडील. चार पिढ्या मेंढरांमागं गेलेल्या, त्यामुळं त्यांचं नाक असं तयार झालेलं की कोकरू उचलून कानामागं हुंगायचे आणि ते कोणत्या मेंढीचं ते सांगायचे. कधी चुकायचे नाहीत. लांडगा ओढ्यापल्याड येऊन गेला असला तर त्याचा शिळा वाससुद्धा त्यांना लागायचा. निदान ते तसं म्हणायचे आणि आम्ही मानायचो. मायचं सगळं कसब हातात. गावात कुणाकडं लग्न असो की बारसं, वरणाच्या हंड्याला फोडणी द्यायला बोलावणं मायलाच. दुसऱ्या कुणी दिली तर पंगतीतली म्हातारी माणसं पहिल्या घासाला विचारायची, आज लक्ष्मी नाय आली व्हय? माय हे ऐकून घरी येताना पदर जरा जास्तच नीटनेटका करायची. मी त्यांची एकुलती पोरगी, सुमन. मला ना नाक आलं ना हात. मला तोंड आलं. भांडखोर होते, आजही आहे, आणि हे प्रकरण लिहायला बसले तेही अर्धं भांडणाच्या हौसेनंच.

आमचं गाव पैठण रस्त्याला, चितेगाव सोडून जरा आत. दोन खोल्या, वर पत्रे, पुढं लिंबाचं झाड आणि झाडाखाली मेंढरांना पाणी पाजायचा लांबडा दगडी हौद. मी शाळेत असेपर्यंत तो हौद रोज विहिरीच्या पाण्यानं भरावा लागायचा, आणि संध्याकाळी मेंढरं आली की पाणी पिण्याचा तो शेकडो जिभांचा आवाज घरभर व्हायचा. मग चराऊ रानं एकेक करून कारखान्यांच्या तारेच्या कुंपणात गेली. आबांनी मेंढरं काढली, चार शेळ्या तेवढ्या ठेवल्या, आणि रस्त्यावरच्या वाशिंगला कामाला लागले. वाशिंग म्हणजे टँकर धुवायची जागा. डिझेलचे, ऑइलचे टँकर तिथं थांबायचे, आत उतरून माणसं ते घासायची, आणि धुवण सोडून द्यायची नाल्यात. वाशिंग उंचावर, त्याखाली नाला, नाल्याखाली आमचा पाझर तलाव. पाणी उताराला जातं हे कळायला कॉलेज लागत नाही. पण एवढी सरळ गोष्ट आम्हा शहाण्यांना दोन वर्षं कळली नाही. सकाळच्या उन्हात तलावावर निळा-जांभळा तवंग चमकायचा आणि लोक खूश व्हायचे. आमच्याकडं मासा धष्टपुष्ट झाला की त्याला तेल सुटलं म्हणतात. तलावात जाळं टाकणारे खंडूमामा भोई तर छाती पुढं काढून सांगायचे की औंदा माशाला इतकं तेल सुटलंय की पाण्यावर आलंय. सगळे माना डोलवायचे. मीही डोलवली आहे.

मिरग निघाला की आमच्याकडं मासा खायचाच. तो एक दिवस मायचा. आबांच्या बाजूची सगळी भावकी त्या दिवशी आमच्याकडं जेवायला, आणि त्यांत मुख्य म्हणजे पारूआत्या. आबांची थोरली बहीण, पडेगावला दिलेली. अंगानं बारीक, आवाजानं जाड. आत्यानं जन्मात कुणाचं कौतुक केलं नाही. जेवण आवडलं की ती न बोलता ताट एक वीत पुढं सरकवायची, म्हणजे आणखी वाढा. मायच्या मिरगाच्या माशाला ते ताट तीनदा सरकायचं. मला ते सगळं अजून जसंच्या तसं दिसतं. खंडूमामा ओल्या गोणपाटात जिवंत मरळ आणून द्यायचे. माय राखेनं आणि मिठानं तिचा बुळबुळीतपणा काढायची. खोबऱ्याची वाटी विस्तवात टाकायची, कांदा टाकायची, लसूण पाट्यावर रगडायची, आणि शेवटी चिमूटभर येसर. येसर आमच्या घरी गहू, हरभरा, धने, मिरची भाजून वर्षाचं करून ठेवलेलं असायचं. ते तिखटाच्या तेलात पडलं की वास नाल्यापर्यंत जायचा, आणि आबा तिकडून येता येता ओळखायचे की आज रस्सा पातळ आहे की दाट. चुलीवर भाकरी आणि स्टोवर कालवण, अशी त्या दिवशी दोन्हीकडं आग. स्टोत घासलेट भरायचं, पिन मारायची, पंप मारायचा, हे काम माझं. ही गोष्ट पुढं महत्त्वाची आहे म्हणून सांगते.

त्या वर्षीही पंगत बसली. आत्यानं भाकरी मोडली, रश्शात बुडवली, तोंडात घातली, आणि चावता चावता थांबली. मग तिनं घास उजव्या गालातून डाव्या गालात नेला आणि पाण्याबरोबर गिळला. ताट एक वीत मागं सरलं. दोघा चुलत्यांनी एकमेकांकडं पाहिलं, त्यांच्या बायकांनी पदर नाकाला लावले. आत्या चढ्या आवाजात बोलली नाही, उलट हळू बोलली, म्हणून ते जास्त लागलं.

"लक्ष्मे, स्टो भरल्यावर हात धुतलावता का? घासलेट लागतंय."

माय म्हणाली, म्या भरलाच नाय, सुमीनं भरला. मी उठून उभी राहिले आणि माझे हात दाखवले. मी स्टो भरला होता, पण माशाला हातच लावला नव्हता. माझ्या तोंडाला कोण विचारतंय. आबांनी आपल्या ताटातला रस्सा चाखला, पुन्हा चाखला. त्यांना काहीच लागलं नाही. ते गोंधळले आणि मग चिडले, कारण सगळ्यांना जे लागतं ते आपल्याला लागत नाही याची लाज वाटली असणार. त्यांनी भावकीच्या देखत सांगून टाकलं की या घरात आजपासून मासा शिजायचा नाही. माय ताटं उचलायला लागली. मला आबांचा असा राग आला की मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

गाव लहान असलं की नाव चिकटायला वेळ लागत नाही. आठ दिवसांत मायचं नाव विहिरीवर घासलेटवाली पडलं. बायका तोंडावर म्हणायच्या नाहीत, पण माय आली की एकीला उगाच खोकला यायचा. पुढच्याच लग्नात फोडणीला दुसरी बाई गेली. मायनं त्या दिवशी सकाळपासून नवं लुगडं नेसून वाट पाहिली, मग दुपारी ते बदललं आणि शेळ्यांना पाला आणायला गेली. आणि मग तिनं हात धुवायला सुरुवात केली. राखेनं धुवायची, चिंचेनं धुवायची, लिंबाची फोड चोळायची, हुंगायची, परत धुवायची. बोटांच्या पेरांना भेगा पडल्या. मी म्हणायचे, माय, वास नाय, अगं काहीच वास नाय. ती म्हणायची, तुला नाय येत, तू माझीच ना. हाताला चव असलेली बाई आपल्याच हातावर विश्वास ठेवेनाशी झाली. यापेक्षा मोठं नुकसान आमच्या घरात दुसरं कोणतंच झालं नाही, आणि आमच्या घरानं मेंढरांचा कळप जाताना पाहिलेला आहे.

मी तेव्हा शहरातल्या कॉलेजात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला. शहराला तेव्हा आम्ही औरंगाबाद म्हणायचो. आता पाटी संभाजीनगरची आहे आणि माझ्या जिभेवर दोन्ही येतात. एसटीनं जायचं, एसटीनं यायचं. प्राणिशास्त्राच्या मॅडमनी एक दिवस मासा चिरून दाखवला आणि म्हणाल्या, कल्ले बघा, ताज्या माशाचे कल्ले कुंकवासारखे लाल. मी पाहिलं आणि मला आमच्या घरचे कल्ले आठवले. मिरगाला माय मरळ साफ करत होती तेव्हा कल्ले मळकट तपकिरी होते आणि त्यांवर शेंबडासारखा चिकट थर होता. संध्याकाळी मी थेट खंडूमामांकडं गेले, त्यांच्या गोणपाटातली जिवंत मरळ उचलली आणि तिच्या कल्ल्यात नाक घातलं. घासलेट. स्टो नाही, चूल नाही, मायचा हात नाही, आणि जिवंत माशाला घासलेटचा भपकारा. डिझेलचा वास वेगळा आणि घासलेटचा वेगळा, हे आता मला कळतं. पण आम्हाला माहीत होतं ते घासलेट, म्हणून आम्ही सगळ्या रॉकेल-डिझेल-ऑइलला तेच म्हणायचो. मी ती मरळ तशीच घेऊन नाचत घरी आले आणि आबांच्या नाकापुढं धरली. त्यांनी हुंगली. म्हणाले, मासा माशावानीच वास मारतोय, मायची बाजू घ्यायला काय बी बोलू नको.

लांडगा हुंगणारा माणूस, आणि त्याला एवढा वास येऊ नये? मी दुसऱ्या दिवशी वाशिंगला गेले. तिथं रहीमचाचा म्हणून फिटर होते, माझ्या लहानपणापासून ओळखीचे. मी त्यांना विचारलं, तर ते हातातला पाना खाली ठेवून हसले.

"बेटी, डिझल में दो साल रहे तो नाक मर जाती. मेरी तो कब की मर गई. तेरे बाप की भी गई."

म्हणजे आमच्या घरातलं नाकही गेलं होतं आणि हातही, आणि दोन्ही एकाच नाल्यातून. मला हे कळलं आणि टँकरचं धुवण तलावात उतरतंय म्हणून मी गावभर बोंबलत सुटले. तीच माझी चूक. पुरावा नाही, काही नाही, नुसतं तोंड. लोक म्हणाले, पोरगीबी स्टो भरते, तिच्या हाताचा वास माशाला लागला असंल. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी घरी येऊन भांडी आपटायला लागले.

आणि मग माय बोलली. शेळीची धार काढता काढता, माझ्याकडं न बघता. म्हणाली, शेळीनं कांद्याची पात खाल्ली की दुधाला वास येतो का नाय? येतो म्हटलं. मग आपण शेळीला मारतो का? नाय. चार दिवस दुसरा चारा घालतो आन वास जातो. मग माशाचं तेच असंल. त्याला दुसरं पाणी पाजून बघ. एवढं बोलून तिनं धार पुरी केली. मी चरवी हातात धरून तशीच उभी राहिले. तीन वर्षांनी मॅडमनी मला सांगितलं की शास्त्रज्ञही असंच करतात, दूषित पाण्यातला मासा स्वच्छ पाण्यात ठेवून त्याच्या अंगातलं तेल किती दिवसांत जातं ते पाहतात. मी मॅडमना म्हटलं, आमची माय शाळेत गेलेली नाही. आज मी स्वतः तीस वर्षं पोरांना विज्ञान शिकवून निवृत्त झाले आहे, आणि तरी सांगते, माझ्या आयुष्यात मी पाहिलेला सगळ्यात सुंदर प्रयोग शेळीच्या धारेखाली सुचला.

आम्ही दोघींनी दगडी हौद घासून काढला. पालापाचोळा, कोळिष्टकं, सगळं. विहिरीचं पाणी भरलं. खंडूमामांना मी कसंबसं पटवलं आणि त्यांनी सहा मरळी आणून सोडल्या. मरळ मोठी उडीबाज, म्हणून वर जुनं जाळं ताणलं. रोज सकाळी निम्मं पाणी काढायचं, नवं ओतायचं, बेडकं-गांडुळं टाकायची. आबा येता-जाता बघायचे आणि म्हणायचे, मेंढरं गेली आन मासरं पाळायला लागल्या. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं की माय डोळ्यांनी गप्प करायची. मरळीची जात अशी की तिला हवा घ्यायला मधूनमधून वर यावंच लागतं. हौदाशी बसून ते बघताना मला कळलं की तलावातली मरळ प्रत्येक श्वासाला तो तवंग फोडून वर येत असणार, आणि प्रत्येक वेळी थोडं तेल गिळत असणार. खंडूमामाही तिथं उकिडवे बसून म्हणाले की खरंय पोरी, तलावातले मासे हल्ली सुस्त झालेत, जाळं पडलं तरी पळत नाहीत, शेपट्या झिजल्यात, आणि मरळीची लाल पिल्लं तर दोन पावसाळे दिसलीच नाहीत. तेल सुटलंय म्हणून मिरवणारा माणूस तो, आता मान खाली घालून बोलत होता.

पहिल्या चार दिवसांत दोन मरळी मेल्या. मी ब्लेडनं चिरल्या. कलेजी गर्द लाल असायला हवी ती पिवळट, ठिपक्याठिपक्यांची. कल्ले मी बरणीत घालून एसटीतून मांडीवर धरून कॉलेजात नेले. मॅडमनी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले आणि मला बघायला सांगितलं. कल्ल्याचे नाजूक दाते तेल लावलेल्या फणीत केस अडकावेत तसे एकमेकांना चिकटून गेले होते, मधून पाणी जायला वाटच नव्हती. मॅडम म्हणाल्या, हा मासा पाण्यात राहून गुदमरत होता. एसटीत परत येताना मी रडले, माशासाठी रडले की मायसाठी ते मला अजून सांगता येणार नाही. उरलेल्या चार मरळी मात्र दिवसेंदिवस तरतरीत झाल्या. वीस-बाविसाव्या दिवशी मी एकीच्या कल्ल्यात नाक घातलं. विहिरीच्या पाण्याचा वास, बस्स.

आखाड संपत आला होता. श्रावण लागला की मासा-मटण बंद, म्हणून आखाडातल्या शेवटच्या रविवारी सगळे खाऊन घेतात. मी स्वतः पडेगावला जाऊन आत्याला बोलावलं. ती यायला तयार नव्हती, मी उंबऱ्यात बसून राहिले, शेवटी कंटाळून आली. मी शेजारपाजारही गोळा केलं. स्टो घरात बंद करून ठेवला. आबांची बंदी घरात होती, म्हणून अंगणात तीन दगडांच्या दोन चुली मांडल्या, लिंबाच्या काटक्या. मायनं सगळ्यांसमोर हात पुढं केले आणि आत्यालाच तांब्यानं पाणी घालायला लावलं. आत्यानं तिची भेगाळलेली बोटं पाहिली, आणि तांब्यातलं पाणी संपलं तरी ओतायचा हात तसाच राहिला. दोन मडकी. एकाला बाहेरून चुन्याचा ठिपका. त्यात हौदातली मरळ. बिनठिपक्याच्या मडक्यात खंडूमामांनी त्याच सकाळी तलावातून धरलेली. ठिपका कशाचा ते माझ्याशिवाय आणि मायशिवाय कुणाला माहीत नव्हतं. एकच लसूण, एकच येसर, एकच हात.

आत्यानं आधी बिनठिपक्याचं घेतलं. घास तोंडात गेला आणि कपाळाला आठी पडली. "त्योच घासलेट," ती म्हणाली. मग आत्यानं चूळ भरली आणि ठिपक्याच्या मडक्यातलं चाखलं. एक घास, दुसरा घास, तिसरा. सगळं अंगण तिच्या जबड्याकडं बघत होतं. मग पारूआत्यानं ताट एक वीत पुढं सरकवलं. मी सांगते, त्यानंतर मला नोकरी लागली, माझं लग्न झालं, पोरगा झाला, पण त्या एक वीत सरकलेल्या ताटाएवढा आनंद मला क्वचितच झाला असेल. मी ठिपक्याची भानगड सगळ्यांना फोडून सांगितली. आणि मग जी गोष्ट झाली ती मलाही अपेक्षित नव्हती. विहिरीवर जिला सगळ्यात आधी खोकला यायचा ती शेजारची सखू पुढं आली आणि खालमानेनं म्हणाली, आमच्याबी घरी वरीसभर वास येतुया, मला वाटलं माझाच हात. तिच्यामागून दुसरी, मग तिसरी. गावात घरोघर मासा घासलेट मारत होता, आणि घरोघर बाई आपला हात लपवून गप्प बसली होती. बोल लागला तो एकट्या मायला, कारण तिच्याच हाताचं नाव होतं.

आबा कोपऱ्यात शेळीच्या खुंट्याशी बसले होते. त्यांनीही दोन्ही मडक्यांतलं खाल्लं होतं आणि त्यांना दोन्ही सारखीच लागली होती. ते घास घेत नव्हते, लोकांची तोंडं बघत होते. माणसं पांगल्यावर त्यांनी आपल्या सदऱ्याची बाही नाकाला लावली, खोल श्वास घेतला, आणि मायला विचारलं की माझ्या अंगाला येतो का गं वास. माय मडकं घासत होती. तिनं वर पाहिलं.

"लगीन झालं तवा मेंढराचा यायचा, आता डिझलचा येतुया. म्या कधी ताट सारलं का?"

आबा उठले, काठी घेतली आणि भावकीच्या वस्तीकडं चालायला लागले. मला वाटलं रुसून गेले. सकाळी उठले तर नाल्याच्या बाजूनं मेंढरांचा आवाज, आणि तोही थोडाथोडका नाही. आबांनी दोघा चुलत भावांचे कळप मागून आणले होते. पुढं आबा, शीळ घालत, आणि मागं सगळा रस्ता पांढराकाळा. कळप वाशिंगच्या फाटकाशी नेला आणि तिथं बसवला. मेंढरू एकदा मेंढक्याच्या शब्दानं बसलं की हॉर्ननं उठत नाही. टँकर आत अडकले ते आत, बाहेर अडकले ते बाहेर. वाशिंगचे शेठ जीपमधून आले, हे काय लावलंय म्हणाले, मेंढरं हटवा म्हणाले. आबा म्हणाले की पाणी नाल्यात सोडणं हटवा, मेंढरं आपसूक हटतील. शेठ म्हणाले, मग पाणी काय डोक्यावर घेऊ? तेवढ्यात मागून बायका आल्या. सखू, तिच्यामागं दुसऱ्या, डोक्यावर मडकी, मडक्यांत मायनं सकाळीच घरोघर सांगून शिजवून घेतलेलं तलावातल्या माशाचं कालवण. सगळ्यांत पुढं माय. मी तिच्याबरोबर चालत होते आणि माझ्यासारख्या तोंडाळ पोरीलासुद्धा त्या दिवशी बोलायची गरज वाटली नाही. मायनं फाटकापुढच्या धुळीत पाट ठेवला, ताट वाढलं, भाकरी ठेवली, आणि पदर डोक्यावर घेऊन म्हणाली, "जेवा शेठ. हात धुऊन केलंय."

वाढलेलं ताट नाकारायची आमच्याकडं रीत नाही, आणि शेठ आमच्याच भागातले. बसले. घास घेतला. तो घास त्यांना गिळता येईना आणि एवढ्या बायकांसमोर थुंकताही येईना. मेंढरं रवंथ करत त्यांच्याकडं बघत होती. रहीमचाचा फाटकाआड तोंडाला रुमाल लावून हसत होते. शेठनी शेवटी तो घास पाण्यानं ढकलला आणि हातानंच हो म्हणून खूण केली. श्रावणाच्या पहिल्या पंधरवड्यात वाशिंगमागं एकाखाली एक असे तीन हौद झाले. मॅडमनी कागदावर काढून दिलं होतं, पाइप तळातून काढायचा म्हणजे तेल वर तरंगत मागं राहतं आणि खालचं पाणी पुढं जातं. पाइप रहीमचाचांनी बसवले. वरचं काळं तेल डब्यांत भरून ठेवायचं, नाल्यात थेंब नाही. आबांना शेठनी कामावर येऊ नका म्हणून निरोप धाडला. आबांनी उलट निरोप धाडला की मी कुठं येत होतो. भावकीनं त्यांना अर्धलीनं मेंढरं दिली, म्हणजे सांभाळायची आपण आणि कोकरं दोघांत निम्मी. दगडी हौदाला पुन्हा जिभा लागल्या.

आता मी बजाजनगरला लेकाकडं राहते. तिसऱ्या मजल्यावर, गॅसवर स्वयंपाक. नातीला घासलेट म्हणजे काय ते माहीत नाही. मी सांगायला लागले की ती नाक मुरडते, आणि मला ते मुरडलेलं नाक फार आवडतं. तलावावर मी अजून वर्षातून एकदा जाते. काठाला बसून बोट बुडवते आणि हुंगते. लेक म्हणतो, आई, लोक बघतात. बघू दे की.

वाशिंगमागं हौद झाले त्याच्या पुढच्या वैशाखात खंडूमामा पळत आमच्या दारात आले आणि मला आणि मायला हाताला धरून तलावावर घेऊन गेले. काठाच्या लव्हाळ्यात पाण्याखाली एक लालभडक पुंजका हलत होता, आणि त्याच्या खाली सावलीसारखी एक मोठी मरळ राखण करत होती. पिल्लं. शेकड्यांनी. एकेक पिल्लू वर येत होतं, हवा घेत होतं आणि स्वच्छ पाण्यातून खाली जात होतं. खंडूमामा म्हणाले की पिलांवरची मरळ मारायची नाय, मिरगाला तुमच्यासाठी दुसरी आणतो. मायनं पाण्यात हात घातला आणि कितीतरी वेळ तसाच ठेवला. त्या दिवसानंतर तिनं उगाच हात धुतलेले मी पाहिले नाहीत. आणि त्याच महिन्यातल्या लग्नात हंड्याला फोडणी कुणी दिली, हे मी सांगायला नको.

मिरगाला भावकी पुन्हा आली. मासा तलावातला, हौदातला नव्हे. मायनं चुलीवर तेल तापवलं, तिखट टाकलं, येसर टाकलं, आणि ते परतणार तेवढ्यात पारूआत्या मुठीत मीठ-मिरच्या घेऊन चुलीशी आली. म्हणाली, लक्ष्मे, हात हिकडं कर, दृष्ट काढायचीय. माय म्हणाली, वन्सं, आत्ता नको, येसर लागंल. आत्या कुणाचं ऐकणाऱ्यातली नव्हतीच. तिनं मायचा उजवा हात धरला, तळव्यावरून मूठ ओवाळली, एकदा, दोनदा, आणि पुटपुटताना तिचे डोळे भरून आले. जन्मात कुणाचं कौतुक न केलेली बाई, तिला ते नीट जमतही नव्हतं. सात वेळा होईपर्यंत तिनं हात सोडला नाही. आम्ही सगळे तेच बघत होतो, कढईकडं कुणाचंच लक्ष नव्हतं. आणि तेवढ्यात बाहेरून, पार नाल्याच्या वळणावरून, मेंढरांच्या आवाजाच्या वरून आबांची हाक आली.

"लक्ष्मे, येसर करपतंय."

आत्याच्या मुठीतल्या मिरच्या तशाच राहिल्या. मायनं आधी माझ्याकडं पाहिलं, मग दाराकडं पाहिलं, आणि मग ती हसली, तोंडावर पदर न घेता, सगळ्या भावकीसमोर, मी तिला तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं. कढई खाली उतरवायलाही ती विसरली. "करपू दे," ती म्हणाली, "त्यांना वास आला."